लखनची म्हैस

कापूस एकदा फुटला की कोणासाठी थांबत नाही. घरात पाहुणा असो, दुखणं असो की रांगतं लेकरू, बोंडं उघडली म्हणजे बाईला रानात जावंच लागतं. रुक्माबाईची सून प्रतिभा उजाडताच भाकरी फडक्यात बांधून निघायची. ती अंगणाबाहेर पडली की तिचं वर्षाचं पोरगं असं काही टाहो फोडायचं की शेजारचा लखन गोठ्यातून विचारायचा, "कोन मारून राह्यलं वो त्याले?" मारत कोणीच नव्हतं. आई गेली, एवढंच त्याचं दुखणं होतं.

आदिलाबादकडच्या भीमपूरपासून आत, पैनगंगेच्या अलीकडे हे गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्र. पावसाच्या जोरावरचं थोडं रान रुक्माबाईच्या घरचं होतं; ते वेचून झालं की प्रतिभा दुसऱ्याच्या रानात मजुरीने जायची. तिचा नवरा हर्षदीप तिकडे बेल्लमपल्लीला ठेकेदाराकडे कामाला होता आणि सणासुदीला घरी यायचा. धाकटा दीर अनुप भीमपूर-आदिलाबाद रस्त्यावर ऑटो चालवायचा. घरी राहायच्या त्या रुक्माबाई आणि नात अर्पिता. बाळाचं नाव काही तरी छान ठेवलेलं होतं, पण सगळे त्याला बारक्याच म्हणायचे.

रुक्माबाई हाडाची चिवट बाई. तरुणपणी वेचणीला गेली की तिच्या तासात, म्हणजे वाट्याच्या ओळीत, मागे बोंड राहत नसे. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वेचणी झाली की डोळे दाखवू, मग तूर निघाली की दाखवू, असं करता करता डोळे तसेच राहिले होते आणि वेचण्या मात्र येतच होत्या. भाकरी ती हाताच्या अंदाजाने थापायची, विस्तव आवाजावरून ओळखायची. पण रांगतं लेकरू काही विस्तवासारखं एका जागी बसत नाही. दसऱ्यानंतर एकदा बारक्या सरपटत चुलीपाशी गेला आणि त्याने निखाऱ्यावर हात टेकवला. रुक्माबाई हाताच्या अंतरावर बसून लसूण सोलत होती. तिला दिसलाच नाही.

त्या दिवशी प्रतिभा सासूला एक शब्द बोलली नाही. तिने पोराच्या तळहाताला तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्पिताला म्हणाली, दोन-चार रोज शाळेत जाऊ नको, हात बरा होऊ दे. हात बरा झाला. अर्पिताचं दप्तर मात्र खुंटीवरच राहिलं. पोरगी सातवीत, अभ्यासात तल्लख. पण बारक्याला कमरेवर घेऊन घेऊन ती एका बाजूने वाकून चालायला लागली होती, आणि तो झोळीत झोपला तरी उभी राहताना कंबर तशीच काढून उभी राहायची. अंगणवाडी होती, पण ती रांगती लेकरं ठेवून घेत नसे आणि दुपारी बंद व्हायची. कापूस काही दुपारी बंद होत नाही.

रुक्माबाईला हे सगळं कळत होतं आणि आतल्या आत खात होतं. पण तिच्या मनावर त्या दिवसांत आणखी एक ओझं होतं, अनुपच्या लग्नाचं.

या गावात पोरगे उदंड आणि नवऱ्या नाहीत. पोरींना नोकरीवाला हवा, निदान आदिलाबादेत राहणारा हवा. भीमजयंतीला गावातले तरणे गडी पांढरे शर्ट घालून रांगेत चालायला लागले की बायका पदराआड हसत आणि घरी जाऊन डोळे पुसत. अनुपला तीन ठिकाणांहून नकार आला होता. शेवटी रुक्माबाईचा मावसभाऊ चंपत एक स्थळ घेऊन आला. बोथकडची पोरगी, नाव पूनम, बारावी झालेली, स्वभावाने गरीब. अडचण एकच होती, ती म्हणजे पोरीची आई.

"देवकाबाई लय खमकी हाय," चंपत म्हणाला. "आधी घर पाह्यते, मंग पोरगा. अन सांगून येईल असं बी नोको समजू. कोनाले तरी गुपचूप धाडून पाह्यन ती."

चंपतने हे सहज म्हटलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. रुक्माबाईने ते गाठीला बांधून ठेवलं. तेव्हापासून अंगण दोनदा झाडलं जाऊ लागलं.

आणि आठवड्याच्या आतच एक बाई आली.

दुपारची वेळ होती. रुक्माबाई ओसरीवर बसली होती, अर्पिता बारक्याला कमरेवर घेऊन फिरवत होती. दारात एक तरुण पोरगी उभी राहिली. खांद्याला पिशवी आणि हातात पाटीएवढा मोबाईल. "जयभीम आजी," ती म्हणाली. आवाज गोड, बोलणं शिकल्यासवरल्याचं. रुक्माबाईने कुठली म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "मी वृषाली. बोथची."

बोथची! म्हणजे देवकाबाईनेच धाडलेली, रुक्माबाईने ताडलं. मग ती पोरगी बराच वेळ काही तरी वाचून सांगत राहिली. हैदराबादची एक संस्था आहे, या भागातल्या बायकांच्या कामाचा आणि लेकरांचा अभ्यास चालला आहे, त्यावरून सरकार पुढचं ठरवणार आहे, उत्तरं द्यायची की नाही ही तुमची मर्जी आहे. रुक्माबाईच्या कानात त्यातलं अवाक्षरही शिरलं नाही. तिने अर्पिताला खुणेने पिटाळलं, लखनकडची प्लास्टिकची खुर्ची आण म्हणून. खुर्ची आली. चहा झाला. भांड्याच्या तळाशी राखलेली साखर त्यात गेली.

मग वृषालीने विचारायला सुरुवात केली. घरात खोल्या किती, पाणी कुठून आणता, संडास आहे का? रुक्माबाईला नवल वाटलं नाही. घर पाहायला आलेलं माणूस हेच विचारणार. उलट काल घरात काय शिजलं होतं हेही जेव्हा वृषालीने विचारलं, तेव्हा रुक्माबाई मनात म्हणाली, हे बोथकडचे लोक चौकशी मोठी बारीक करतात. काल घरात भाकरी आणि जवसाची चटणी होती. रुक्माबाईने भात, वरण, वांग्याची भाजी आणि दही सांगितलं. दही म्हटल्यावर म्हैस आलीच. दोन घरांच्या मधल्या लिंबाखाली लखनची म्हैस बांधलेली होती आणि तिचं तोंड नेमकं यांच्या दाराकडे होतं.

"म्हैस तुमचीच का आजी?"

"आमचीच तं. दुसऱ्या कोनाची असन?"

म्हशीने कान हलवला. तिने काही हरकत घेतली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे रुक्माबाईला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि मूठ एकदा झाकायची म्हटल्यावर एकच बोट बाहेर ठेवून कसं चालेल? सून मजुरीला जाते का? नाही, घरचंच काम करते, आता जरा नदीवर गेली आहे. बाळाला कोण सांभाळतं? मी आहे ना धडधाकट. ही मोठी नात शाळेत जाते का? रोज जाते, एक दिवस चुकवत नाही.

"मग आज?" वृषालीने हसून विचारलं.

"आज तिचं पोट दुखून राह्यलं," रुक्माबाई म्हणाली.

अर्पिताने आजीकडे पाहिलं. मग ती बारक्याला दुसऱ्या कमरेवर घेऊन चुपचाप मागच्या दाराने निघून गेली.

जाताना वृषालीने पाया पडून निरोप घेतला. रुक्माबाईने तिच्या पिशवीत झाडाची पपई घातली आणि सांगून टाकलं की पोरगा स्वभावाचा फार शांत आहे, दारूला शिवत नाही, ऑटो त्याचा स्वतःचा आहे. वृषाली जरा गोंधळली. असा काही प्रश्न तिने विचारला नव्हता. पण बरं आजी म्हणून ती गेली.

संध्याकाळी अनुप आला तो हसतच. त्या पोरीला त्यानेच भीमपूरला सोडलं होतं. "माय, ते सर्वेवाली होती. साऱ्या गावात फिरली ते," त्याने सांगितलं. रुक्माबाईने त्याला उडवून लावलं. सर्वेवाले बाहेरूनच घराला आकडा टाकून जातात, ही तर पाया पडून गेली. पण त्या रात्री भाकरी थापताना तिचा हात दोनदा तव्याला लागला.

दिवाळी झाली, थंडी पडली, वेचणी ऐन भरात आली. एका दिवशी प्रतिभा रानातून आली ती ओसरीवर बसली आणि आधी पाणीही न मागता हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुक्माबाईने तिचे हात ओढून घेतले आणि चाचपले. बोंडांच्या टोकांनी बोटं नखांपाशी फाटली होती. ती त्यांना खोबरेल चोळत बसली, तेव्हा प्रतिभाने सांगितलं.

आज रानात नाल्यापलीकडच्या गावच्या बाया वेचायला आल्या होत्या. एकीच्याही पाठीशी लेकरू नव्हतं. त्यांच्या गावी शाळेच्या एका खोलीत नमुन्यादाखल एक बाळघर सुरू झालं होतं. सकाळी लेकरू नेऊन द्यायचं, दिवस मावळता घेऊन यायचं. दोन बाया सांभाळायला, खिचडी, अंडी, झोपायला गोधड्या. मोठ्या पोरी शाळेत जाऊ लागल्या होत्या. आमच्या गावी काऊन नाही, असं प्रतिभाने विचारलं, तर त्या हसल्या.

"म्हने तुमच्या गावाले गरजच नायी, आत्याबाई. सर्वेत निंगालं म्हने. आपल्या गावच्या बाया वेचाले जातच नायीत, पोरी रोज शाळेत जातात, अन घरोघरी दूध-दही हाय." प्रतिभाने आपली बोटं तिच्यापुढे धरली. "मंग हे काय दह्यानं फाटले?"

 रुक्माबाई तेल चोळत राहिली. एकाच फाटलेल्या बोटावर पुन्हा पुन्हा, इतकं की प्रतिभा म्हणाली, झालं आत्याबाई, पुरे. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म कोणाचं, ते रुक्माबाईला पक्कं माहीत होतं. पण सुनेला सांगायला तिची जीभ उचलेना. चुलीपाशी पोर भाजलं तेव्हा सून बोलली नव्हती. आता ती बोलली असती तर बरं झालं असतं, आणि तेच रुक्माबाईला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लिंबाखालच्या बायकांत बसून हळूच विषय काढला. कोणी ताकास तूर लावू देईना. पण रुक्माबाईला चेहरे दिसत नसले तरी आवाज कळत होते. ज्या ज्या घरात लग्नाचा पोरगा होता, त्या त्या घरातली बाई भलतीकडेच बोलायला लागली. एकीने तर उठून घागर उचलली आणि ती रिकामीच घेऊन चालू लागली.

त्याच सुमारास चंपतचा निरोप आला. देवकाबाई बुधवारी घर पाहायला येत आहे, बरोबर तिचा भाऊ भिवाजी.

मंगळवारभर घर शेणाने सारवलं गेलं. बुधवारी प्रतिभाने रजा मागितली, पण मालक म्हणाला ढग दिसतात, कापूस भिजेल, म्हणून ती चहाची तयारी करून देऊन गेली. पाहुण्यांना सांगायचं ठरलं होतं की ती माहेरी गेली आहे. रुक्माबाईने लखनकडून खुर्च्या मागवल्या, आणि या वेळी तर म्हैसच मागितली. लखन दिलदार माणूस. त्याने म्हैस सोडून आणली आणि यांच्या अंगणातल्या खुंटीला बांधली. "पान्यावर न्याच्या वेळेले घेऊन जाईन," तो म्हणाला. "तोपर्यंत तुमचीच."

पाहुणे आले. देवकाबाई उंच, कोरड्या आवाजाची बाई होती. ती आल्याआल्या घरभर फिरली, माठाच्या पाण्याला हात लावून पाहिला, बाबासाहेबांच्या तसबिरीवर धूळ आहे का तेही पाहिलं. मग खुर्चीवर बसून ती बाहेर म्हशीकडे बघत राहिली. रुक्माबाई दारापाशी बसली होती. अनुप नव्या शर्टात अवघडून उभा होता. चंपत एकटाच बोलत होता. अर्पिताने चहा दिला. एक हात तिने ताटाला लावला होता, दुसऱ्या हाताने कमरेवरचा बारक्या धरला होता. देवकाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग अर्पिताकडे पाहिलं.

सगळं नीट चाललं होतं. देवकाबाईने दुसरा कप घेतला होता आणि चंपतने पोरी-पोराची गाठ कधी घालायची असा विषय काढला होता. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"जयभीम आजी."

रुक्माबाईने आवाज ओळखला.  देवकाबाईने झटक्यात पदर कपाळावर ओढला, मान वळवली आणि ती भिंतीवरची तसबीर नव्याने बघू लागली.

वृषाली पाहुणे बघून दारातच थांबली. फेरतपासणीला आले आहे, ती म्हणाली. या गावची उत्तरं आणि शाळेची हजेरी जुळत नाही. या आळीत चार घरांनी म्हैस सांगितली आहे आणि दावणीला एकच दिसते. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं. "आज संध्याकाळी माहिती हैदराबादला पाठवायची आहे, आजी. थोड्या गावांत आम्ही जे पाहू, त्यावरून जिल्ह्यात आणखी बाळघरं कुठे उघडायची ते ठरणार आहे. म्हणून आले. पण तुमच्याकडे पाहुणे आहेत. मी बाकीची घरं करते."

"हाव, हाव, जा तू बाई," चंपत घाईने म्हणाला. "मंग पाहू ते."

वृषाली वळली. गोष्ट इथेच संपली असती. पाहुणे गेल्यावर रुक्माबाईने तिला आडोशाला घेऊन खरं काय ते सांगितलं असतं आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. रुक्माबाईने मनात तसं ठरवूनही टाकलं होतं. पण जाता जाता वृषालीने दाराशी उभ्या असलेल्या अर्पिताच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "काय गं, आज पण शाळा नाही?"

 रुक्माबाईला नातीचा चेहरा दिसत नव्हता. तिला फक्त पोरीचा श्वास ऐकू आला. मग अर्पिताचं उत्तर आलं.

"आज माहं पोट दुखून राह्यलं."

शब्द आजीचेच, आणि ते टाकायची ढबही आजीचीच. कुठे अडखळली नाही की काही नाही. पोरगी शाळेत शिकायची ते इथे शिकली होती, आजीच्या पायाशी बसून.  चुलीपाशी पोर भाजलं तेव्हाही तिला इतकी स्वतःची शरम वाटली नव्हती. तेव्हा डोळ्यांचा दोष होता.

"थांब बाई," ती म्हणाली. "आत ये. बस."

चंपत खाकरला. रुक्माबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने हात पुढे करून अर्पिताला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हिचं पोट दुखत नायी. तवाबी दुखत नव्हतं. मी खोटं सांगतलं, म्हनून ते बी सांगून राह्यली. लिही आता. मले दोनी डोयानं दिसत नायी. लेकरू माह्यासमोर चुलीत गेलं, मले दिसलं नायी. तवापासून हे पोरगी शायेत गेली नायी."

वृषाली दाराशी तशीच उभी होती. मग ती खाली जमिनीवर रुक्माबाईसमोर बसली. मोबाईल तिने उघडला, पण लगेच काही लिहिलं नाही.

"अन सून?" तिने हळूच विचारलं.

"सून लोकाच्या रानात हाय. माहेरी नायी गेली." हे रुक्माबाई पाहुण्यांकडे तोंड करून बोलली. "काल भाकर अन चटनी होती. परवा बी तेच होती. ह्या खुर्च्या लखनच्या." एवढं बोलून तिला धाप लागली. तिने पदराने तोंड पुसलं. "अन म्हैस बी त्याचीच हाय. ते खोड आधी. माह्या एका म्हशीपायी गावची लेकरं रानात धुऱ्यावर पडून राह्यली."

अनुपने मान खाली घातली. तीन नकार त्याने पचवले होते, हा चौथा त्याने उभ्या उभ्या मनात पचवून घेतला. पण आईवर तो रागावला नाही. पुढे होऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला, नव्या शर्टाला सारवणाचा डाग लागला तरी. रुक्माबाईने त्याचा हात चाचपून घट्ट धरला.

वृषालीचे डोळे भरून आले होते. आई रानात गेली की माझी मोठी बहीणच मला घेऊन बसायची, ती म्हणाली. मी बीए झाले, ताईला आजही सही येत नाही. आणि मग ती काम होतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून विचारू लागली. खोल्या किती, पाणी कुठून. रुक्माबाई एकेक सांगत गेली. जे होतं तेच सांगायचं म्हटल्यावर फार वेळ लागला नाही.

देवकाबाई उठली. चंपतने कपाळाला हात लावला. भिवाजी चपला शोधू लागला. पण देवकाबाई बाहेर गेली नाही. ती अर्पितापाशी आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. बारक्या परक्या माणसाकडे जात नसे, पण देवकाबाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीला त्याने हात घातला आणि तो गेला. तिने त्याचा तळहात उघडून पाहिला. भाजल्याची खूण अजून गुलाबी होती. तिने ती अंगठ्याने हलकेच चोळली.

"लय दुखलं असन रे तुले," ती त्याला म्हणाली. आणि पोराला घेऊन ती खुर्चीवर न बसता रुक्माबाईच्या पलीकडे खाली जमिनीवर बसली. पदर तिने आता मागे सारला होता. वृषालीने तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"मावशी, तुम्ही?"

"हाव, मीच," देवकाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा सैल झाला होता. "दिवाळीच्या आधी आमच्या घरी आल्ती तू. पोरीचं लगन निंगालं व्हतं. मले वाटलं पोराकडचं मानूस आलं." तिने रुक्माबाईकडे पाहिलं, मग बाहेर खुंटीला बांधलेल्या जनावराकडे पाहिलं. "आमची बी म्हैस खोड, बाई."

आधी भिवाजी हसला. मग चंपत. मग अनुप हसला आणि एवढा लाजला की उठून बाहेर जायला लागला, तेव्हा देवकाबाईने त्याला थांबवलं. पोरगी दाखवायला पुढच्या आयतवारी या, ती म्हणाली, आणि चटणी-भाकरच करीन, मग बोल लावू नका.  रुक्माबाई विहीणबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसती हुं हुं करत राहिली.

या गडबडीत अर्पिता दाराशी उभी होती. बारक्या देवकाबाईच्या मांडीवर पोत चोखत बसला होता. किती तरी दिवसांनी तिची कंबर रिकामी झाली होती. ती तशीच एका बाजूने वाकून उभी होती आणि दोन्ही हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. एकदा तिने ते मागे धरले, एकदा फ्रॉकला पुसले.

रुक्माबाईला ते दिसलं नाही. पण पोरगी कुठे उभी आहे ते तिला ठाऊक होतं.

"अर्पी," ती म्हणाली. "जेवनाची सुट्टी झाली नसन अजून. जाय."

अर्पिता काही क्षण तिथेच थांबली, आजी पुन्हा काही बदलून सांगते की काय म्हणून. मग खुंटीवरून दप्तर ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून शाळेच्या वाटेने पळणाऱ्या पावलांचा.